विनाकारण प्रवास
(द्वितीय वर्ष, कला)

‘पण फायदा काय झाला?’

नेपाळहून परत आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदाच छापून टाकावे आणि मोकळे व्हावे, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे. विचारणाऱ्यांच्या मनात खवचटपणा नसतो, हे आधीच सांगते. आमच्याकडे खर्चाला फायदा लागतोच. खताची गोणी टाकली तर घड किती भरले हे पाहतात, मुलीला कॉलेजात घातली तर नोकरी कधी लागणार हे पाहतात. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा माझ्या बाबतीत हा हिशेब जरा जास्तच बारकाईने होतो. तरीही मला वाटते, की काही खर्चांना हा प्रश्न विचारू नये. निदान बायकांच्या बाबतीत तरी काही वर्षे विचारू नये, कारण त्यांच्या खात्यावर अशा खर्चाची नोंदच अजून पडलेली नाही.

आम्ही तिघी गेलो होतो. एक इतिहासाची, एक अर्थशास्त्राची आणि मी मराठीची. पैसे आमचे होते. द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला रोजाने गेलो, त्यात ‘कमवा व शिका’मधून ग्रंथालयात केलेल्या कामाचे जमलेले घातले आणि २०२५ च्या मे महिन्यात, प्रथम वर्षाची परीक्षा संपल्यावर, नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी पकडली. जाऊन-येऊन एकेकीला आठ हजारांच्या आत खर्च आला. शेजारच्या काकूंनी लगेच हिशेब मांडला, की एवढ्यात शिलाई मशीन आले असते. आले असते, खरे आहे. पण मशीन आले असते तर ते चालवायला बसावे लागले असते, आणि आम्हांला आठ दिवस बसायचे नव्हते, हिंडायचे होते.

घरून परवानगी कशी मिळाली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. ती पशुपतिनाथाने मिळवून दिली. माझी आजी त्र्यंबकेश्वराजवळच्या गावातली. केदारनाथ हे धड आणि पशुपतिनाथ हे शीर, ही समजूत तिच्या मनात पक्की. ‘पोरगी देवाला चाललीय, अडवू नका’ असे ती म्हणाली आणि वडिलांचा विरोध तिथेच मावळला. आम्ही तिघींनी देवाचे नाव पुढे केले ह्यात मला काही वावगे वाटत नाही. आमच्या भागात बाईला वेशीबाहेर जाण्यासाठी चारच कारणे मान्य आहेत: देव, लग्न, बाळंतपण आणि मयत. दवाखाना धरला तर पाच. माझ्या आईचे आजवरचे सगळे प्रवास ह्या पाचांत बसतात. माहेर, सप्तशृंगीचा गड, एकदा पंढरपूर आणि नाशिकचा सरकारी दवाखाना. ‘सहज गेले होते’ असे म्हणण्याजोगा एकही नाही.

आम्ही अभ्यासात वाचतो ते प्रवासही असेच कारणांचे असतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. बंड मध्ये आले आणि मराठीला ‘माझा प्रवास’ मिळाला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेल्या. त्यांच्या मागेही केवढे मोठे कार्य होते! ह्या सर्वांना माझा नमस्कार. पण त्यामुळे झाले असे, की परदेशी जाणाऱ्या मराठी मुलीकडून लोक काहीतरी पदवी, निदान कार्य तरी, घेऊन येण्याची अपेक्षा करतात. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तल्या आणि ‘पूर्वरंग’मधल्या खाण्यापिण्याच्या हकिगती आपण हसत हसत वाचतो, त्यांना फायदा विचारत नाही. मग आम्ही तीन मुली एक दिवस परक्या गावात चालत, बघत आणि खात हिंडलो, तर त्याचीही हकीगत असू शकते की नाही?

‘नेपाळ म्हणजे काही परदेश नव्हे’ असेही काही जण म्हणाले. पासपोर्ट लागत नाही, १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही. सुनौलीला कमानीखालून चालत गेले की झाले. हे सगळे खरे. पण कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, आणि भिंतीवरची दिनदर्शिका छप्पन-सत्तावन्न वर्षे पुढचे साल दाखवते, कारण तिथे विक्रम संवत चालतो. आम्ही गेलो तेव्हा रविवारी कचेऱ्या उघड्या असत आणि सुट्टी शनिवारी असे. सर्वांत गंमत पाट्यांची. लिपी आपली, त्यामुळे प्रत्येक पाटी वाचता येते आणि अर्थ मात्र हुलकावणी देतो. दुकानाला ‘पसल’, पोलिसाला ‘प्रहरी’, खाद्यपदार्थांच्या दुकानावर ‘खाजा घर’. ‘मीठो’ म्हणजे खारट नव्हे, चवदार. आणि एका सरकारी पाटीवर ‘शिक्षा’ हा शब्द पाहून आम्ही तिघी थबकलो. तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण! हिंदीतही तोच अर्थ आहे हे ठाऊक असूनही, परीक्षा देऊन नुकत्याच सुटलेल्या आम्हांला त्यात फार तथ्य वाटले. पाटी वाचून अडाणी राहण्याचा अनुभव आमच्या आधीच्या पिढीला नवा नाही. मला तो नवा होता, आणि मौजेचाही.

आता त्या दिवसाकडे येते. दिवस शनिवारचा होता. पहाटे पशुपतिनाथाचे दर्शन घेतले. आजीसाठी प्रसाद घेतला, बागमतीच्या काठी चिता जळताना पाहिल्या आणि तासाभरात बाहेर पडलो. देवाचे देवाला पोचले. पुढचा दिवस आमचा होता.

न्याहारीला सेल रोटी. तांदळाचे पीठ, साखर आणि तूप एकत्र कालवून कढईत हाताने गोल सोडलेले हे वळे पाहून अनारशाची आणि कडबोळ्याची एकदमच आठवण होते. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. बरोबर बटाट्याचे तिखट ‘अचार’ आणि चहा. अर्थशास्त्रवालीने वही काढून खर्च लिहिला. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा जातो. मात्र दर वेळी आपण श्रीमंत झाल्याचा भास होतो आणि तो दहा मिनिटे टिकतो.

तिथून वसंतपूरच्या दरबार चौकात गेलो. काठमांडू खोरे १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, हे पुस्तकातही सापडते. पुस्तकात सापडत नाही ते म्हणजे तिथले बसणे. माजु देगा नावाचे एक शिवमंदिर त्या चौकात आहे. १६९० मध्ये राणी रिद्धिलक्ष्मीने ते बांधवले. नऊ पायऱ्यांचे उंच जोते आणि त्यावर देऊळ. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात देऊळ कोसळले, जोते राहिले; नंतर देऊळ पुन्हा उभे केले. त्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. इतिहासवाली हे सगळे सांगत होती आणि माझे लक्ष त्या पायऱ्यांवर होते. सुट्टीचा दिवस असल्याने गावच्याच माणसांनी त्या भरल्या होत्या. म्हाताऱ्या शेंगा सोलत बसलेल्या, कॉलेजातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोके टेकून बसलेल्या, एक बाई चप्पल काढून, पाय पसरून, नुसती चौकाकडे पाहत होती. कोणाची वाट पाहत नव्हती, काही विकत नव्हती, निवडत नव्हती, शिवत नव्हती.

आमच्या गावातही पार आहे. वडाला छान गोल बांधलेला, आमदार निधीतून फरशी बसवलेला. त्यावर मी आजवर एकही बाई बसलेली पाहिलेली नाही. वडाची पूजा करायला बायका वर्षातून एकदा येतात, सूत गुंडाळतात, प्रदक्षिणा घालतात आणि जातात. झाड आमचे, पार पुरुषांचा. कोणी मनाईचा फलक लावलेला नाही, हे खरे. पण बसून पाहा म्हणजे कळेल. काठमांडू आणि पाटनच्या गल्ल्यांत जागोजागी छप्पर असलेले ओटे दिसतात, वाटसरूंनी आणि गल्लीकरांनी टेकावे म्हणून पूर्वीच्या लोकांनी बांधलेले. त्यांना ‘पाटी’ म्हणतात. मी पाटीवर लिहायला शिकणारी घरातली पहिली मुलगी. त्या दिवशी मी पाटीवर बसून घेतले. तासभर आम्ही तिघी काहीही न करता बसलो. ‘काय गं, कोणाची तू?’ असे कोणी विचारले नाही. फायदा विचारणाऱ्यांनी हा एक तास हवा तर जमेस धरावा.

नेपाळात बायकांचे राज्य आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच चौकात कुमारी घर आहे, १७५७ मध्ये राजा जयप्रकाश मल्लाने बांधलेले. लहान मुलीला देवी मानून तिथे ठेवतात. तिचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, उत्सवालाच ती बाहेर पडते, आणि वयात आली की देवीपण संपते. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की कुमारीलाही शिक्षणाचा हक्क आहे. आम्ही आतल्या चौकात उभे राहिलो. फोटो काढू नका, अशी ताकीद मिळाली आणि वरच्या नक्षीदार खिडकीत काही क्षण एक मुलगी दिसली, काजळ भरलेले मोठे डोळे, तोंडावर हसू नाही. आजूबाजूचे लोक हात जोडत होते. मला हात जोडावेसे वाटले नाहीत. तिला खाली बोलवावे, सेल रोटी द्यावी, एवढेच वाटत राहिले. आम्हांला देवाच्या नावाने घराबाहेर पडता आले आणि तिला देवाच्या नावानेच घरात बसवले होते! २०२५ च्या सप्टेंबरअखेर, दसऱ्याच्या दिवसांत, तिच्या जागी दोन वर्षे आठ महिन्यांची नवी कुमारी बसल्याची बातमी वाचली. म्हणजे आम्ही पाहिलेली मुलगी आता आपल्या पायांनी चालत असेल.

दुपारी मायक्रो बसने बागमती ओलांडून पाटनला गेलो. १६३७ मध्ये सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेले दगडी कृष्णमंदिर तिथे आहे. त्यावर रामायण-महाभारत कोरलेले आहे, आणि ते इतके नेटके की कथा माहीत असणाऱ्याला बोट ठेवून वाचता येते. जवळच पायऱ्या उतरून गेले की मंग हिटी. मगरीच्या तोंडाच्या दगडी धारा, इसवी सन ५७० च्या. जवळजवळ साडेचौदाशे वर्षांनंतरही तिथे पाणी भरतात. रांगेत ठेवलेली भांडी पाहून अर्थशास्त्रवाली म्हणाली, ‘घ्या, परदेशातही हंडा सुटला नाही!’ देवळांबद्दल ह्याहून जास्त लिहीत नाही. वर्णने पुष्कळ आहेत, आणि खरे सांगायचे तर तोवर भूक लागली होती.

गल्लीतल्या एका खाजा घरात शिरलो. चार बाकडी, एक चूल, आणि सगळा कारभार एका बाईकडे. चाळिशीची असेल. तिला सगळे ‘दिदी’ म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. नेवारी लोकांचे ‘समय बजि’ मागवले. ताटात मध्ये पोह्यांचा ढीग आणि कडेने भाजलेले सोयाबीन, आले, चवळी, मसाल्याचा बटाटा, डाळीचा ‘बारा’ म्हणजे आपल्या धिरड्याचा जाडजूड भाऊ, आणि अंडे. मांस हवे असेल तर विचारून घ्यावे, ते बहुधा म्हशीचे असते. आमच्यातली एक माळकरी घरातली, तिने बटाट्यावर आणि चवळीवर निभावले.

पण मुद्दा पोह्यांचा आहे. ते कोरडे होते. भिजवलेले नाहीत, फोडणी नाही, कांदा नाही, वर खोबरे-कोथिंबीर नाही. आमच्याकडे पोहे हा पदार्थ मुलीच्या आयुष्यात फार अवघड वेळी येतो. बारावी झाली की पाहुणे येतात, मुलीने डोक्यावर पदर घेऊन बशा फिरवायच्या, आणि पोहे खाता खाता पाहुणे मुलगी बघतात. त्या पोह्यांची चव त्या मुलीला कधीच कळत नाही. माझ्या वर्गातल्या सहाजणी अशाच बशा फिरवून कॉलेजातून गेल्या. इथे मात्र ताट माझ्यापुढे होते आणि दुसरी बाई मला वाढत होती. कोरडे पोहे सोयाबीनबरोबर चावावे लागतात, वेळ लागतो. आम्ही भरपूर वेळ घेतला. पोहे शांतपणे खाण्यासाठी मुलीला परदेशात जावे लागते, हे वाक्य विनोदाने लिहिते आहे, पण कोणी त्याला विनोद समजले नाही तरी माझी हरकत नाही.

गर्दी ओसरल्यावर दिदी बोलू लागली. हिंदी तिला चांगले येत होते. महाराष्ट्र म्हणताच तिने सांगितले, की तिचा धाकटा भाऊ पुण्यात हॉटेलात कामाला आहे. ही माणसे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तालुक्याच्या गावी चायनीजच्या गाडीवर, रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या पहारेकऱ्याच्या वेषात आपण त्यांना पाहतो आणि सरसकट ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो. तिथे आम्हांला कोणी सरसकट नावाने हाक मारली नाही. ‘बहिनी’ म्हणजे धाकटी बहीण, असे म्हणत होते. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांचा असतो, ही माहिती अर्थशास्त्रवालीची. म्हणजे फायद्याचा प्रवास काय असतो ते ह्या लोकांना विचारावे. त्यांचा परदेश म्हणजे आमचा तालुका. सुनौलीच्या कमानीतून आम्ही मजेसाठी आत जात होतो, तेव्हा समोरून पिशव्या घेतलेली आमच्याच वयाची मुले पोटासाठी बाहेर पडत होती. हे पाहून मजा करू नये असे काही मला वाटले नाही. वाटले ते एवढेच, की त्या भावालाही कधीतरी सुट्टी काढून नुसते वेरूळ पाहायला आणि मिसळ खायला जाता यावे. पुण्यात राहून त्याने शनिवारवाडासुद्धा पाहिला नव्हता, असे दिदी म्हणाली.

चार वाजता पाऊस आला. एका पाटीखाली उभे राहून आम्ही मातीच्या भांड्यातले ‘जुजु धौ’ खाल्ले. म्हशीच्या दुधाचे घट्ट गोड दही, भक्तपूरचे. नावाचा अर्थ ‘दह्यांचा राजा’. त्यानंतर उकडलेले मोमो, मोदकाच्या घरातले पण तिखट वळणाचे. संध्याकाळी पुन्हा दिदीकडेच गेलो, कारण ओळखीचे घर असल्यासारखे वाटत होते. डाळ, भात, पालेभाजी, लोणचे. भात संपत आला की ती पातेले घेऊन यायची आणि विचारायची, ‘पुग्यो?’ म्हणजे पोचले का, पुरले का. शब्द फार आवडला. तीनदा विचारले, तीनदा वाढले. आमच्या घरी आई शेवटी जेवते, जे उरेल ते. तिला पुरले का, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. विचारणारी तीच असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात आमच्या वयाची मुले रस्त्यावर उतरली, अनेक जण मारले गेले, सिंहदरबार जळाला आणि काही दिवसांतच सुशीला कार्की ह्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तेव्हा शेजारचे म्हणाले, ‘बरे झाले आधीच जाऊन आलात.’ मी वर्तमानपत्रातले धुराचे फोटो डोळ्यांजवळ धरून त्यात पाटनची ती गल्ली दिसते का ते पाहत होते. दिसली नाही.

फायदा विचारणाऱ्यांमध्ये माझी आई नव्हती. ती आल्या दिवशी काहीच बोलली नाही. रात्री भांडी घासताना तिने विचारले, ‘कोरडेच पोहे? घशाखाली उतरले कसे?’ मी सांगितले. मग थोड्या वेळाने, ‘आणि ती वाढणारी बाई कधी जेवते?’

मी म्हणाले, आमच्याच वेळेला. शेवटचा भात वाढून झाल्यावर तिने आपलेही ताट घेतले आणि आमच्या बाकड्यावर बसली, पाय वर घेऊन, गल्ल्यावर नजर ठेवून.

‘गिऱ्हाइकांशेजारी? बाकावर?’

‘हो.’

आईने पातेले पालथे घातले, हात पुसले. ‘गोरखपूरच्या गाडीला,’ तिने विचारले, ‘बायकांचा डबा वेगळा असतो का गं?’